दाराशी रान, रानात आग

दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो, जळमटे काढतो, माळ्यावरची अडगळ खाली ओढतो. नेमक्या याच दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या डोंगरकडेला राहणारी मंडळीही शिडी लावून छपरावर चढतात. त्यांना पन्हळी साफ करायच्या असतात. वर्षभराची वाळली पाने त्यांत साचलेली असतात. ती तशीच राहिली, तर जानेवारी-फेब्रुवारीत कुठून तरी उडत आलेली एक ठिणगी त्यांत पडेल, पन्हळीतून आग आढ्यात शिरेल आणि घर जाईल. आपल्याकडे लक्ष्मी यावी म्हणून केरसुणी फिरते, तिकडे आग येऊ नये म्हणून.

तिकडची नगरपालिका या बाबतीत मोठी कडक. उन्हाळा तोंडावर आला, की तिचा माणूस गल्लोगल्ली हिंडतो. गवत दहा सेंटिमीटरांहून उंच दिसले, आवारात वाळक्या फांद्यांचा ढीग दिसला, की घरमालकाच्या नावाने नोटीस निघते. मुदतीत गवत कापले नाही तर पालिका स्वतः माणूस लावून कापते, बिल मालकाला पाठवते आणि वर दंड घेते. गवताची उंची मोजत फिरणारा सरकारी नोकर हे पात्र आपल्या एखाद्या विनोदी लेखकाला सुचायला हवे होते. पण त्या गावांत त्याला कोणी हसत नाही.

हे सगळे मला कळायचे कारण माझी धाकटी बहीण. लग्नानंतर ती मेलबर्नला गेली आणि काही वर्षांनी तिने व मेहुण्यांनी शहराच्या पूर्वेला डँडेनाँग नावाची डोंगररांग आहे, तिच्या उतारावर घर घेतले. शहरातून लोकलने तास-सव्वा तासाचे अंतर. जवळच बेलग्रेव्ह स्टेशनवरून एक जुनी, वाफेची, अरुंद रुळांची गाडी सुटते. ती पाहून कोणाही मराठी माणसाला माथेरान आठवावे. घराच्या मागचे कुंपण संपले की राष्ट्रीय उद्यानाची हद्द. उंचच उंच झाडे, नेच्यांची दाटी, आणि लायरबर्ड नावाचा नकलाकार पक्षी, जो इतर पाखरांचे आवाज हुबेहूब काढतो. "ताई, महाबळेश्वरला बंगला घेणं जन्मात जमलं नसतं, इथं घेतला," असे तिने फोनवर सांगितले तेव्हा मला आनंदच झाला. पुढे मी दोनदा तिकडे जाऊन आले, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऐन जानेवारीत. या दोन खेपांत जे पाहिले-ऐकले आणि मागाहून वाचून काढले, ते इथे सांगते.

प्रथम झाडाविषयी. निलगिरीचे तेल आपल्या प्रत्येक घरात असते. सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकून हुंगायचे. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते उटीच्या डोंगरांत लावले, आणि त्या डोंगरांचेच नाव आपण झाडाला देऊन टाकले. ज्या तेलाने आपले नाक मोकळे होते, तेच तेल तिथल्या रानात जळण म्हणून भरलेले असते. पाने तेलकट आणि ती लवकर कुजत नाहीत, त्यामुळे खाली वाळलेल्या पाल्याचा थर साचत जातो. सालीची तऱ्हा आणखी वेगळी. काही जातींची साल लांबलचक चिंध्यांसारखी सुटून खोडावर लोंबते, काहींची काथ्यासारखी भुसभुशीत असते. आग लागली की या पेटत्या चिंध्या वाऱ्यावर स्वार होतात आणि मुख्य आगीच्या कितीतरी पुढे जाऊन नवी आग लावतात. २००९ सालच्या आगीत अशा सालींनी तीस किलोमीटरांच्या आसपास पल्ला गाठल्याची नोंद आहे. पुण्यात पेटलेल्या ढलपीने लोणावळ्याच्या अलीकडे आग लावावी, असा हा प्रकार.

म्हणून आपला वणवा आणि त्यांचे 'बुशफायर' यांना एकच शब्द लावताना मराठीची शिक्षिका या नात्याने मी जरा घुटमळते. सह्याद्रीतला वणवा बहुधा गवताचा. तो रात्री दुरून पाहिला तर डोंगराच्या गळ्यात सोन्याची साखळी घातल्यासारखा दिसतो. तो करवंदीच्या जाळ्या आणि कोवळी रोपे खातो, पाखरांची घरटी खातो, आणि त्याचे नुकसान मुळीच कमी लेखण्याजोगे नाही. पण तो सहसा जमिनीलगत चालतो. तिकडची मोठी आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते. तिच्यासाठी आपल्याकडे 'दावानल' हा शब्द आहे, आणि तो आपण पुराणिकबुवांसाठी राखून ठेवला आहे.

या आगीचे काही नियम आहेत, आणि ते तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. आग चढणीवर जोरात धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुपटीने वाढतो. म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सुंदर देखाव्याचे घर हेच सर्वांत धोक्याचे. दुसरा नियम वाऱ्याचा. व्हिक्टोरिया राज्यात अतिउन्हाच्या दिवशी उत्तरेकडून, खंडाच्या कोरड्या भागावरून, भट्टीसारखा वारा वाहतो. त्या वाऱ्याने आग लांबट, अरुंद पट्ट्यासारखी दक्षिणेकडे सरकत जाते. मग संध्याकाळच्या सुमारास नैर्ऋत्येकडून गार वारा येतो. मेलबर्नमध्ये लोक या वाऱ्याची वाट पाहत बसतात आणि तो आला की खिडक्या उघडतात. पण त्याच क्षणी तिकडे रानात त्या लांबट पट्ट्याची कूस हे आगीचे तोंड होते. एक-दोन किलोमीटर रुंदीचे तोंड असलेली आग पाहता पाहता कैक किलोमीटर रुंदीची होऊन भलत्याच दिशेला निघते. १९८३ आणि २००९ या दोन्ही वर्षी बहुतेक माणसे वारा फिरल्यावर मेली.

या दोन वर्षांची नावे तिथे पंचांगातल्या तिथीसारखी घेतली जातात. त्यांच्या आधीचे वर्ष १९३९. त्या सालच्या १३ जानेवारीला, शुक्रवारी, व्हिक्टोरियात ७१ माणसे जळून मेली. त्यांतली पुष्कळशी रानात लाकूड कापणाऱ्या गिरण्यांवरची. चौकशीसाठी लिओनार्ड स्ट्रेटन या न्यायाधीशांना नेमले. त्यांनी रानातल्या कामगारांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना बोलते केले आणि काही महिन्यांतच अहवाल दिला. आगी माणसाच्या हातून लागल्या, कोणी चरणीसाठी लावल्या, कोणी निष्काळजीपणाने, असे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. हा सरकारी अहवाल इतक्या सुरेख गद्यात लिहिलेला आहे, की पुढे त्यातला भाग मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीच्या अभ्यासक्रमाला लावला गेला. आपल्या एखाद्या चौकशी-अहवालाचे असे भाग्य उजाडेल काय, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

स्ट्रेटन यांनीच १९४४ साली पुन्हा एका आगीची चौकशी केली, आणि त्यानंतर कंट्री फायर ऑथॉरिटी ही संस्था उभी राहिली. खेडोपाडी स्वयंसेवकांच्या तुकड्या, त्यांचे बंब, त्यांचा सराव. माझ्या बहिणीच्या गल्लीतला नळदुरुस्ती करणारा आणि शाळेतली एक बाई दोघेही त्या तुकडीत आहेत. बिनपगारी. आठवड्याच्या ठराविक संध्याकाळी ते बंब धुतात, नळ्या जोडण्याचा सराव करतात. या गोष्टीचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटले.

१६ फेब्रुवारी १९८३ रोजी, अॅश वेन्सडे या सणाच्या दिवशी, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसे गेली. डँडेनाँगच्या पायथ्याजवळचे कॉकाटू हे गाव त्या रात्री जळाले. त्या गावात एक बालवाडी होती, वाटोळ्या आकाराची. मुले आणि मोठी माणसे मिळून सुमारे तीनशेजण तीत जाऊन बसली. त्यांत शंभरावर मुलेच होती. बाहेर घरे पेटत होती. काही मंडळी ओली फडकी घेऊन छपरावर चढली आणि पडेल ती ठिणगी विझवत राहिली. इमारत वाचली, आतले सगळे वाचले. आज तिथे त्या आगीचे स्मारक आणि शिक्षणकेंद्र आहे. बहिणीचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, मला मुद्दाम तिथे घेऊन गेले. १९८३ साली त्यांचे स्वतःचे घर जळाले होते. त्याविषयी मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "छपरावर पाणी मारणारं कोणी नव्हतं." आणि हाच त्यांचा सिद्धान्त होऊन बसला होता: घरात माणूस असला की घर वाचते.

हा सिद्धान्त केवळ त्यांचा नव्हे. २००९ पर्यंत सरकारही थोडेफार तसेच सांगत असे. घरे जळतात ती बहुधा ज्वाळांच्या भिंतीने नव्हे, तर ठिणग्यांनी. आग येण्यापूर्वी, आणि ती पुढे निघून गेल्यावरही कित्येक तास, ठिणग्या कौलाच्या फटीत, पायरीखाली, पायपुसण्यावर पडत असतात. धडधाकट माणूस बादली आणि पोतेरे घेऊन हजर असला तर त्या विझवू शकतो. उलट आयत्या वेळी मोटार घेऊन पळालेली माणसे धुरात रस्ता चुकून, एकमेकांवर आपटून मरतात. तेव्हा एक तर सगळी तयारी करून घरी राहा आणि झुंजा, नाही तर फार लवकर निघा. अधलेमधले काही नको. हे तर्काला धरून होते.

मग ७ फेब्रुवारी २००९ उजाडला. मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंशांवर गेला. आगीच्या धोक्याचा एक निर्देशांक असतो. अॅलन मॅकार्थर या तज्ज्ञाने तो बसवला, आणि १९३९ च्या त्या शुक्रवारी जी स्थिती होती तिला शंभर धरले. त्या शनिवारी आकडा शंभराच्या कितीतरी पुढे गेला. एके ठिकाणी विजेची तार तुटून ठिणगी पडली. संध्याकाळी वारा फिरला. किंगलेक, मेरीसव्हिल ही गावे बेचिराख झाली. १७३ माणसे मेली आणि दोन हजारांवर घरे गेली. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घरात किंवा घराजवळ होती. त्यांत तयारी केलेली माणसेही होती. पंप होता, पण वीज गेल्यावर तो बंद पडला. कुठे प्लॅस्टिकची नळी वितळली. आणि नुसत्या धगीनेच, ज्वाळा अंगाला न लागताही, माणूस मरतो.

त्यानंतर बसलेल्या आयोगाने धोरणाचा सूर बदलला. आता सांगतात, लवकर निघून जाणे हेच सर्वांत सुरक्षित. २०२२ पासून साऱ्या देशात धोक्याच्या चार पायऱ्या आहेत, आणि रस्त्याच्या कडेला अर्धवर्तुळाकार फलकावर काटा फिरवून त्या दाखवतात: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटच्या पायरीला कोणत्याही घराचा भरवसा धरू नये, अशी ताकीद आहे. त्या दिवशी उद्यानांचे दरवाजेही बंद होतात.

माझ्या जानेवारीच्या मुक्कामात एकदा काटा 'एक्स्ट्रीम'वर गेला. आदल्या संध्याकाळी बहीण आणि मेहुणे यांच्यात जे झाले, त्याला भांडण म्हणायचे की चर्चा, मला ठरवता येत नाही. मेहुण्यांचा कल शेजारच्या आजोबांकडे. त्यांनी डिझेलच्या पंपाची किंमत काढून ठेवली होती. घराचे कर्ज अजून फिटायचे. "घर सोडून जायचं आणि परत यायचं ते राखेत? मी राहतो, तुम्ही जा." बहीण म्हणाली, "तू राहिलास तर मी जाऊन काय करू? फोन हातात धरून बसू?" भाचा बारा वर्षांचा. तो मला हळूच म्हणाला, "मावशी, हे दर वर्षी असतं."

शेवटी पहाटे आम्ही सगळेच निघालो. पिशवी दाराशी तयारच होती. पासपोर्ट, घराची कागदपत्रे, औषधे, लोकरीची पांघरुणे (लोकर चट्कन पेटत नाही, नायलॉन अंगाला चिकटते), आणि एका डब्यात टाकातले देव. दिवसभर शहरातल्या ग्रंथालयात आणि मग एका मोठ्या बाजारात बसलो. मेहुणे दर दहा मिनिटांनी मोबाइलवर सरकारी इशाऱ्यांचा नकाशा पाहत होते. काहीही झाले नाही. सात वाजता गार वारा आला आणि आम्ही परत गेलो. आजोबा ओसरीवर चहा पीत बसले होते. त्यांनी नुसता हात केला. मेहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

या प्रकरणाची खरी मेख मला इथे दिसली. दहा वेळा निघायचे आणि दहाही वेळा काही व्हायचे नाही. कामावरची रजा जाते, मुले कंटाळतात, कुत्र्या-मांजरांचे हाल होतात. अकराव्या वेळी माणूस म्हणतो, जाऊ द्या. आगीच्या अभ्यासकांनी वेग मोजला, उष्णता मोजली, पण हा कंटाळा मोजण्याचे यंत्र कोणाकडे नाही.

आता प्रश्न येतो तो रानाचा. रानच आधी थोडे थोडे जाळून टाकले तर? व्हिक्टोरियात हे दर वर्षी करतात, शरद ऋतूत, म्हणजे त्यांच्या मार्च ते मे या काळात. मेमधल्या माझ्या मुक्कामात मी ते पाहिले. हिरव्या-पिवळ्या कपड्यांतली माणसे हातात ठिबकणारी आगीची झारी घेऊन पाल्याला आग लावत चालली होती. ज्वाळा गुडघ्याएवढ्या, माणसे तिच्या शेजारून निवांत चाललेली. आपल्याकडचे राब भाजणारे शेतकरी मला आठवले. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, तेव्हा वारा बघून, कडेने रान साफ करूनच काडी लावतात. तत्त्व तेच.

परंतु हे दिसते तितके सरळ नाही. पाला ओला असेल तर पेटत नाही, फार वाळला तर आवरत नाही. या दोहोंमधले योग्य दिवस वर्षात थोडेच. २०१५ च्या ऑक्टोबरात लान्सफील्डजवळ अशीच लावलेली आग हाताबाहेर गेली आणि काही घरे जळाली. धुराचा त्रास वेगळाच. द्राक्षमळ्यांत धूर शिरला की दारूला धुराची चव येते म्हणून मळेवाले ओरडतात, आणि दमेकऱ्यांचे तर विचारूच नये. २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या प्रचंड आगींत प्रत्यक्ष ३३ माणसे गेली, पण त्या धुरामुळे चारशेंवर मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. शिवाय सगळीच राने जाळण्याजोगी नसतात. माउंटन अॅश हे जगातले सर्वांत उंच फुलझाड डँडेनाँगच्या ओलसर घळींत वाढते. इतर निलगिऱ्या जळाल्या तरी काळ्या खोडावर हिरवी लव फुटते. माउंटन अॅश मात्र मोठ्या आगीत मरतो आणि राखेत बी टाकून जातो. ते बी रुजून झाड पुन्हा बियांना येईपर्यंत वीसेक वर्षे जातात. मधेच दुसरी आग आली तर ते रान संपलेच.

२००९ च्या आयोगाने दर वर्षी सरकारी रानाच्या किमान पाच टक्के भागावर जाळणी करावी अशी शिफारस केली. आकडा पुरा करायचा म्हटल्यावर सरकारी खाते काय करते हे आपल्याला सांगायला नको. दूरच्या, सोप्या, निर्मनुष्य रानात हेक्टरच्या हेक्टर जाळता येतात. गावालगतची पाच हेक्टर जाळणे हे जोखमीचे, खर्चाचे आणि तक्रारींचे काम, पण घरे वाचतात ती त्यानेच. हे ध्यानात आल्यावर काही वर्षांनी टक्केवारी सोडून दिली, आणि जाळणीनंतर घरांना किती धोका उरला, हे मोजू लागले. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या महाविद्यालयात किती तास घेतले हे मोजतात, मुलांना काय उरले हे नाही. पण तो विषय वेगळा.

आणि ज्यांना या जाळणीची विद्या हजारो वर्षे येत होती, त्या मूळ रहिवाशांकडे आता कुठे लोक वळू लागले आहेत. त्यांची आग 'थंड' म्हणतात. लहान तुकडे, योग्य ऋतू, जनावरांना पळायला वाट. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना हुसकावून लावले आणि त्यांच्या आगीही बंद पाडल्या. व्हिक्टोरियाच्या मध्यभागातले जा जा वुरुंग लोक २०१७ पासून सरकारी खात्याच्या जोडीने पुन्हा आपल्या भूमीत अशी आग लावत आहेत.

आपल्याकडे वनखाते हिवाळ्यानंतर जाळरेषा काढते, आणि उपग्रहाने टिपलेल्या आगीची खबर मोबाइलवर देण्याची सोयही भारतीय वन सर्वेक्षण विभागाने केलेली आहे. घरे मात्र आता टेकड्यांच्या उतारांवर चढू लागली आहेत. गवताची उंची मोजणारा माणूस अजून आलेला नाही.

बहिणीच्या घराकडे पुन्हा येते. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून सहा-सात मीटरांवर काथ्यासारख्या सालीची एक मोठी निलगिरी होती. तिच्यावर सकाळी कूकाबरा येऊन हसत. तिथला नियम असा, की आगीच्या टापूत घरापासून दहा मीटरांच्या आतले झाड मालकाला परवानगीवाचून तोडता येते. मेहुणे दोन वर्षे म्हणत होते, तोडू. बहीण म्हणत होती, नको. त्या 'एक्स्ट्रीम' दिवसानंतर दोघांनी बसून तडजोड केली. मेहुण्यांनी पंप घ्यायचा नाही, आणि काटा 'एक्स्ट्रीम'वर गेला की वाद न घालता आदल्या रात्रीच निघायचे. बदल्यात बहिणीने झाडाचा हट्ट सोडायचा.

झाड फेब्रुवारी संपल्यावर, उन्हाचा जोर ओसरल्यावर तोडले. लाकडाचे तुकडे शेजारच्या आजोबांनी शेगडीसाठी नेले. त्या जागी बहिणीने फरशी घातली आहे, आणि पन्हळींवर बारीक पोलादी जाळी बसवून घेतली आहे. कूकाबरा हल्ली आजोबांच्या पाण्याच्या टाकीवर बसतात.